दॅट दिसला की नाऊन क्लॉज

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत पाण्याची टंचाई पडते, रेल्वेगाड्यांची पडते, धड रस्त्यांची तर बारा महिने असते. नामवाक्याची, म्हणजे नामाच्या जागी बसणाऱ्या वाक्याची, इंग्रजीतल्या नाऊन क्लॉजची टंचाई मात्र आजवर कधी पडलेली नाही. मांजरा धरण यंदा भरतं की नाही, विष्णुपुरीचे दरवाजे कवा उघडणार, सोयाबीन कितीवर जाऊन थांबणार, सायबाची बदली कुठं झाली, पोरीचा नंबर कोणत्या राउंडला लागणार... लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत चहाच्या टपरीवर नुसतं कान देऊन उभं राहावं, दर दोन वाक्यांमागं एक नामवाक्य कानावर पडतं. एवढं असून याच चहावाल्या मंडळींच्या लेकरांना परीक्षेत 'पिक आउट द नाऊन क्लॉज अँड स्टेट इट्स फंक्शन' असं विचारलं की घाम फुटतो. घरी दिवसाला शंभर नामवाक्यं बोलणारं पोरगं पेपरात एक ओळखू शकत नाही, ही गोष्ट जरा चौकशी करण्यासारखी आहे. माझं म्हणणं असं, की या पोरांना नाऊन क्लॉज आधीच येतो आणि तो येतो हे त्यांच्यापासून कटाक्षानं लपवून ठेवलेलं आहे. (हे म्हणणंही नामवाक्यातच मांडावं लागलं, याची चाणाक्ष वाचकानं नोंद घ्यावी.)

आधी इंग्रजीची या भागातली पत पाहू. महाराष्ट्रात जून 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आलं, म्हणजे बारावीला बसणारं पोरगं बारा वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं. पण लातुरात लेकरू पाठवलं जातं ते डॉक्टर करायला. 1970 साली सुरू झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात ज्याला आकार आला तो लातूर पॅटर्न म्हणजे जादा तास, जुने पेपर, चाचणीवर चाचणी आणि चुकलेलं पुन्हा सोडवून घेणं. पॅटर्न उत्तम आहे, त्यानं खेड्यातली हजारो पोरं डॉक्टर-इंजिनिअर केली, यात वाद नाही. पण नीटच्या 720 मार्कांत बायोलॉजी 360, फिजिक्स 180, केमिस्ट्री 180 आणि इंग्रजी शून्य. बारावीच्या बोर्डात मात्र इंग्रजीत पास झाल्याशिवाय गाडी पुढं सरकत नाही. त्यामुळे ट्यूशन एरियात बायोलॉजीला नवरदेवाचा मान आणि इंग्रजी म्हणजे आहेराच्या वेळी आठवलेला चुलत मामा. अशा मामाला वेळ कोण देणार? मग क्लॉजचं सगळं प्रकरण तीन ओळींत उरकलं जातं : दॅट दिसला की नाऊन क्लॉज, हू-व्हिच दिसला की ॲडजेक्टिव्ह क्लॉज, व्हेन-इफ-बिकॉज दिसला की ॲडव्हर्ब क्लॉज. फळ्यावर चौकट, चौकटीला दोनदा अधोरेखा, 'हे आलं म्हणजे मार्क आले' असा आशीर्वाद आणि पुढचा टॉपिक. हीच चौकट पुढं एमपीएससीच्या संयुक्त मुख्य परीक्षेत मराठी-इंग्रजीच्या पेपरापर्यंत सोबत करते आणि नेमकी तिथं दगा देते.

दगा कसा देते ते लातूरकरांना पटेल अशा उदाहरणानं पाहू. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून 'जलदूत' नावाची रेल्वे लातूरला पाणी घेऊन आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होतं. आता यावर दोन इंग्रजी वाक्यं घ्या. पहिलं : 'द न्यूज दॅट वॉटर वॉज कमिंग बाय ट्रेन स्प्रेड फास्ट.' दुसरं : 'द वॉटर दॅट केम बाय ट्रेन वॉज नॉट इनफ.' दोन्हीकडे दॅट आहे, दोन्हीकडे तो एका नामाला चिकटून आलेला आहे. चौकटीच्या नियमानं दोन्ही नाऊन क्लॉज. एखादा हुशार विद्यार्थी म्हणतो, नामाला चिकटला की ॲडजेक्टिव्ह क्लॉज, तर त्याच्या नियमानं दोन्ही ॲडजेक्टिव्ह. कोणताही नियम लावा, एक बरोबर आणि एक चूक. म्हणजे निम्मे मार्क घरबसल्या. आता हीच वाक्यं मराठीत म्हणून पाहा. पाणी रेल्वेनं येतंय ही बातमी पसरली. जे पाणी रेल्वेनं आलं ते पुरलं नाही. पहिल्यात 'पाणी रेल्वेनं येतंय' हे आपल्या पायावर उभं असलेलं आख्खं वाक्य आहे आणि बातमी म्हणजे तेच. हा नाऊन क्लॉज, काम अपोझिशनचं. दुसऱ्यात 'केम बाय ट्रेन' एवढंच उरतं. काय आलं, ते शोधायला मागच्या पाण्याकडे वळावं लागतं. हा ॲडजेक्टिव्ह क्लॉज. 'पाणी रेल्वेनं येतंय जी बातमी' असं त्या उन्हाळ्यात घागर घेऊन तासन् तास रांगेत उभा राहिलेला माणूससुद्धा म्हणाला नसता. फरक त्याच्या जिभेवरच होता, फक्त तो इंग्रजीच्या वहीत उतरवायला कुणी सांगितलं नाही.

आणि हा फरक एका दॅटपुरता नाही. इंग्रजीची गंमत अशी, की तिचे व्हेन, व्हेअर, हू, इफ हे शब्द दोन-दोन घरचे पाहुणे आहेत. नाऊन क्लॉजमध्येही तेच, इतर क्लॉजमध्येही तेच. मराठीनं ही दोन घरं कधीच वेगळी करून टाकली. एका घरी 'क'ची भावकी : कोण, काय, कधी, कुठं, कसं, का. दुसऱ्या घरी 'ज'ची : जो, जे, जेव्हा, जिथं, जसं, जर. आपल्या बोलीत तर कवा वेगळं आणि जवा-तवा वेगळं, घोटाळ्याला जागाच नाही. 'टेल मी व्हेन ही कम्स' हे वाक्य पाहा. याचा अर्थ 'तो कवा येणार ते सांग' असा होतो आणि 'तो आला की मला सांग' असाही होतो. पहिल्या अर्थानं तो नाऊन क्लॉज, दुसऱ्या अर्थानं ॲडव्हर्ब क्लॉज. 'टेल मी इफ ही कम्स' याचीही तीच तऱ्हा : तो येतो का ते सांग, किंवा तो आला तर सांग. इंग्रज माणूस इथं संदर्भ शोधत बसतो. औसा-निलंग्याकडच्या, कंधार-मुखेडकडच्या पोराला मात्र दोन वाक्यं दोन तोंडांनी बोलावी लागतात, त्यामुळे त्याला संशय उरतच नाही. म्हणजे नाऊन क्लॉज ओळखायच्या कामी जे हत्यार लंडनच्या पोराकडे नाही, ते मुखेडच्या पोराकडे जन्मापासून आहे. आणि आपण ते वर्गाच्या दारात चपलेसोबत काढून ठेवायला लावतो.

प्रकार ओळखला, आता फंक्शन. इथं खरे मार्क जातात, कारण सब्जेक्ट, ऑब्जेक्ट, ऑब्जेक्ट ऑफ प्रेपोझिशन, कॉम्प्लिमेंट आणि अपोझिशन ही पाच नावं पाठ होतात आणि पेपरात त्यांची अदलाबदल होते. त्यावर उपाय 'हे'. क्लॉजचं मराठी करा आणि त्याच्या मागं 'हे' लावून पाहा. तो 'हे' कोणत्या रूपात येतो त्यावरून काम कळतं. उदाहरणाला या दोन जिल्ह्यांचा आवडता विषय घेऊ. शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण नांदेडचे, शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख लातूरचे. दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले, तेव्हा 'कोण मुख्यमंत्री होणार' या नामवाक्यावर आमचा वंशपरंपरागत हक्क आहे. कोण मुख्यमंत्री होणार हे दिल्लीत ठरतं : सब्जेक्ट. कोण मुख्यमंत्री होणार हे पत्रकारांनी आधीच लिहून टाकलं : ऑब्जेक्ट. कोण मुख्यमंत्री होणार यावर पैजा लागल्या : ऑब्जेक्ट ऑफ प्रेपोझिशन, कारण इंग्रजीतला 'ऑन' इथं 'यावर' होऊन उघड दिसतो. प्रश्न हाच आहे, की कोण मुख्यमंत्री होणार : कॉम्प्लिमेंट. आपलाच माणूस मुख्यमंत्री होणार ही अफवा दर निवडणुकीत उठते : अपोझिशन, कारण 'हे'ची 'ही' झाली आणि ती अफवेच्या शेजारी जाऊन बसली. पहिल्या दोन वाक्यांत 'हे'चं रूप सारखंच राहतं, हे खरं. तिथं एवढंच विचारायचं, की काम करणारा दुसरा कुणी वाक्यात आहे का. पत्रकार आहेत, म्हणून ऑब्जेक्ट. पहिल्या वाक्यात कुणीच दिसत नाही. ठरवणारे दिसत नाहीत ही राजकारणाची रीत, पण व्याकरणाला ती सोयीची पडते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप घेणारा हुशार आहे. तो म्हणतो, 'ही वॉज सो टायर्ड दॅट ही स्लेप्ट' याचं मराठी 'तो इतका दमला, की झोपला'. इथंही 'की' आला, मग हा नाऊन क्लॉज का नाही? कारण 'की' हा दॅटइतकाच बेभरवशाचा आहे, त्याच्यावर नियम बांधायला कुणी सांगितलंच नव्हतं. 'हे' लावून पाहा : 'तो झोपला हे तो इतका दमला.' वाक्य कोसळतं. 'हे' बसला नाही म्हणजे नाऊन क्लॉज नाही; हा परिणाम दाखवणारा ॲडव्हर्ब क्लॉज. उलट 'इट इज सर्टन दॅट ही विल विन' घ्या : तो निवडून येणार हे नक्की. 'हे' चपखल बसतो, इतका की इंग्रजीनं त्याचाच भाऊ 'इट' वाक्याच्या तोंडाशी आणून ठेवलाय. हा क्लॉज 'इट'चं अपोझिशन की मागं सरकलेला सब्जेक्ट, यावर शाळेतली जुनी पुस्तकं एक सांगतात आणि नवी दुसरं सांगतात. नाऊन क्लॉज आहे यावर मात्र दोघांचं एकमत.

दुसरा आक्षेप याहून पक्का. 'व्हॉट ही सेज इज ट्रू' म्हणजे 'तो जे म्हणतो ते खरं'. इथं तर 'ज'ची भावकी हजर, आणि तरी परीक्षेत उत्तर नाऊन क्लॉज असंच द्यावं लागतं. मग आमचा नियम गेला का? गेला नाही, जरा लंगडला. एक तर इथल्या 'जे'ला टेकायला नामच नाही. 'जे पाणी' म्हटलं तर पाण्याचं विशेषण. नुसतं 'जे' म्हटलं तर ते स्वतःच नामाच्या जागी जाऊन बसतं. शिवाय आपल्या कानाला इथं जी शंका आली ती बड्या बड्यांना आलेली आहे. केंब्रिजनं 2002 साली काढलेलं हडल्स्टन आणि पुलम यांचं जाडजूड इंग्रजी व्याकरण या 'व्हॉट'ला दॅटच्या पंगतीला बसवत नाही. ते त्याला रिलेटिव्हच्या, म्हणजे आपल्या 'ज'च्याच कुळात घालतं आणि 'नाऊन क्लॉज' ही वर्गवारीच बाजूला ठेवून 'कंटेंट क्लॉज' ही येस्पर्सन या डॅनिश पंडिताची संज्ञा वापरतं. म्हणजे आपली 'जे-ते'ची बोली थेट केंब्रिजच्या बाजूनं साक्ष देते. पण उत्तरपत्रिका तपासायला केंब्रिजचे लोक येत नाहीत. तेव्हा नाम नसलेला 'व्हॉट' दिसला की मुकाट्यानं नाऊन क्लॉज लिहावा. सगळ्या धड्यात पाठ करण्यासारखा मुख्य अपवाद म्हणाल तर हा.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा असतो आणि तो घेणारे सहसा इस्त्रीच्या शर्टात असतात : इंग्रजी शिकताना इंग्रजीतच विचार करा, मधे मराठी आणू नका. बोलताना हे ठीक आहे. सायबापुढं उभं राहून मनात विभक्ती लावत बसलं तर साहेब निघून जातो. पण क्लॉज ओळखा हा प्रश्न बोलण्याचा नाहीच, चिरफाडीचा आहे, आणि चिरफाड करायला ज्याच्या हातात जी सुरी तो ती वापरतो. उलट बाजूनं हा व्यवहार फार पूर्वीच झालेला आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. मोरो केशव दामल्यांनी 1911 साली शास्त्रीय मराठी व्याकरण लिहिताना पूर्वीच्या सगळ्यांची झाडाझडती घेतली. इंग्रजीच्या मापानं मराठी मोजताना कुणाला अडचण वाटली नाही. मराठीच्या मापानं इंग्रजी मोजली की मात्र शिस्तभंग. बरं, इंग्रजी व्याकरणाच्या ज्या 'रेन अँड मार्टिन' या पुस्तकाची पारायणं होतात, त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि त्यांचं जगभर नाव झालं ते 1924 च्या 'ब्यू जेस्ट' या वाळवंटातल्या मारामारीच्या कादंबरीमुळे. नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात, मुंबई इलाख्याचा इथं काडीचा संबंध नाही. निजामाची सत्ता सप्टेंबर 1948 मध्ये संपली. रेनसाहेबांची अजून चालू आहे.

चौथा आक्षेप आपल्याच लोकांचा : आमच्या पोरांची मराठी तरी कुठं शुद्ध आहे? देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कानडी, किनवट-माहूरकडे गोरमाटी आणि गोंडी, शहरात उर्दू-दखनी. त्यांनी 'हे' कुठून आणायचा? पण मौज अशी, की ही चाचणी शुद्ध मराठीची मिंधी नाही. 'कवा येतंय ते काय की' हे वाक्य पुण्याच्या कानाला कसंही लागो, त्यात क्लॉज आहे, त्याच्या मागं 'ते' आहे आणि उत्तरही आहे. आपण 'येतो म्हणून सांगितलं' म्हणतो. तेलुगूवाला त्या 'म्हणून'च्या जागी 'अनि' लावतो, कानडीवाला 'अंत' आणि दखनी बोलणारा सरळ 'बोलके'. चारही भाषांनी दुसऱ्याचं वाक्य जिथं संपतं तिथं कुंपण घातलेलं आहे. इंग्रजीला तेवढंही जमत नाही. ती क्लॉजच्या सुरुवातीला एक दॅट लावते आणि घाईत असली की तोही गाळते. 'आय थिंक ही इज लाइंग' यात दॅट कुठं आहे? चौकटीचा नियम इथं हात टेकतो. 'तो खोटं बोलतोय असं मला वाटतं' म्हणणाऱ्या पोराला दॅट असला काय, नसला काय, सारखंच.

शेवटचा आक्षेप सगळ्यात मोठा, कारण तो विद्यार्थी घेतात : हे ओळखून करायचंय काय? ना ऑपरेशन करताना लागणार, ना इंजेक्शन देताना. त्यांना सांगावं, की बाबांनो, नामवाक्य म्हणजे दुसऱ्याचं बोलणं जिथं सुरू होतं ती हद्द, आणि हद्दीची भांडणं आपल्या भागात काही नवी नाहीत. ही हद्द पुसली की काय होतं ते पाहा. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो ही बातमी देशभर पसरली. सकाळी ती 'गणपती दूध पितो असं दिल्लीचे लोक म्हणतात' अशी होती. दुपारी 'असं म्हणतात' एवढंच उरलं. संध्याकाळी तेही गळालं आणि नुसतं नामवाक्य हातात वाटी घेऊन रांगेला लागलं. अफवा म्हणजे दुसरं काय असतं? मुख्य वाक्य हरवलेलं नामवाक्य. आजही मोबाइलवर येणारा निम्मा मजकूर त्याच जातीचा : भाव वाढणार, परीक्षा पुढं ढकलणार, धरण फुटणार. कोण म्हणालं ते पहिल्या दोन फॉरवर्डमध्येच गळून पडतं. पोलिसांच्या इंग्रजी निवेदनात 'इट इज अलेज्ड दॅट' असतं आणि वाचणारा दॅटच्या पुढचं वाचून माणसाला दोषी ठरवून मोकळा होतो. याउलट नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांची रीत आठवा. समोरच्याची बाजू आधी त्याच्यापेक्षा नीट मांडायची, 'आक्षेप असा, की' म्हणून, आणि मगच तिला हात घालायचा. त्यांचं म्हणणं कुठलं आणि विरोधकाचं कुठलं, याचा घोळ श्रोत्याच्या मनात कधी होत नसे. क्लॉजची हद्द ओळखता येण्याचा उपयोग तो हाच.

तेव्हा सरांना आणि मॅडमना विनंती एवढीच, की फळ्यावरची ती तीन ओळींची चौकट पुसा आणि पोरांना वाक्य आधी आपल्या भाषेत मोठ्यानं म्हणू द्या. विद्यार्थ्यांनी प्रश्न समोर आला की क्लॉजमागं 'हे' लावून पाहावं. बसला तर नाऊन क्लॉज. 'हे'चं रूप पाहून फंक्शन लिहावं. 'जे पाणी, ते' अशी जोडी निघाली तर ॲडजेक्टिव्ह, 'जेव्हा-तेव्हा' किंवा 'जर-तर' निघालं तर ॲडव्हर्ब, आणि एकटा 'व्हॉट' भेटला तर वाद न घालता पुढं जावं. एवढं करूनही एमपीएससीच्या उत्तरतालिकेत तुमचं उत्तर चूक दाखवलं, तर चडफडत बसू नका. आयोग पहिल्या उत्तरतालिकेवर हरकती मागवतो. मुदत थोड्याच दिवसांची असते, ती चुकवू नका.